समोरची खोली रिकामी करताना

वाईट काळ आला की काळीज तुटतं, असं सगळे सांगतात. माझं तुटलं नाही. त्या वर्षी आमच्या घरातलं सूत संपलं आणि आई गेली, दोन्ही एकाच हिवाळ्यात, आणि मी रोज सकाळी उठून चूल पेटवत होते, भाकरी थापत होते, अंगण झाडत होते. रडू येत नव्हतं. भूक लागली की जेवत होते, पाठ टेकली की झोप लागत होती. तव्याचा चटका बसला तर जरा उशिरानं कळायचा, एवढाच काय तो फरक. शेजारच्या बाया आपसात बोलायच्या, "पोट्टी दगड हाय, दगड." मला ते ऐकू यायचं. त्यांचं काही चुकतंय असं मला वाटत नव्हतं.

माझी नात हिंगण्याला एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला आहे. मध्यंतरी त्यांच्याकडे बाहेरचा कुणी माणूस शिकवायला आला होता, बदलाच्या काळात आपणच आपलं नेतृत्व कसं करावं म्हणून. सगळ्यांना दिवसभर बसवून ठेवलं आणि दुपारी गार झालेले समोसे दिले. घरी आल्यावर ती मला म्हणाली, "आजी, तू तर हे सगळं करून बसली आहेस. तू लिही ना." मी म्हटलं, बाई, मी कसलं नेतृत्व केलं? पुढ्यात आलं ते केलं. पण ती ऐकणारी नाही, माझ्यावरच गेली आहे. म्हणून लिहायला बसले. मात्र धीराची, हिमतीची गोष्ट सापडेल म्हणून कुणी वाचणार असेल तर त्यानं इथंच थांबावं. त्या दिवसांत माझ्याकडे धीरही नव्हता आणि भीतीही नव्हती. हात होते, ते चालत होते.

आमचं घर पाचपावलीच्या अंगाला, कोष्ट्यांच्या गल्लीत. एकामागं एक दोन खोल्या आणि मागं अंगण. समोरची मोठी खोली मागाची. जमिनीत खड्डा, त्याच्या काठावर बाबा बसायचे, पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर, आणि वर सगळा लाकडाचा, दोरांचा पसारा. घरातली मोठी, उजेडाची जागा मागाला आणि आम्ही तिघं मागच्या खोलीत दाटीवाटीनं. पाहुणा आला तर त्यानंही अंग चोरून, मागाला वळसा घालून आत यायचं. त्या खोलीत तेलकट काही न्यायचं नाही, हा आईचा कडक नियम. रस्स्याचा एक थेंब उडाला की लुगडं वाया. कुणाकडे भाजीची वाटी पोचवायची असली तरी मला समोरच्या दारानं जायची परवानगी नव्हती. मागच्या दारानं निघून, गल्लीला वळसा मारून जायचं. पुढं त्याच खोलीत मी इतकी वर्षं लोकांना सावजी रस्सा वाढला की तिची भिंत नुसता हात लावला तरी चिकट लागते.

सकाळी जाग यायची ती मागाच्या आवाजानं. आधी पावडीचा खट्, मग आडवा धागा नेणारा धोटा या कडेहून त्या कडेला जायचा त्याची सुर्र, मग तो धागा ठोकून बसवणाऱ्या फणीचा धप. खट्, सुर्र, धप. गल्लीतल्या प्रत्येक घरातून तोच आवाज, पण प्रत्येकाची चाल वेगळी. बाबांची चाल सावकाश आणि सारखी होती. त्यांच्या लुगड्यांची कड इतवारीच्या बाजारातले कापडवाले बोटानं चाचपून पाहायचे आणि काही न बोलता बाजूला ठेवायचे. न बोलणं हीच त्यांची तारीफ. विणतात ते बाबा, असं सगळे म्हणत. पण धोटा बाबांच्या हातात जाईपर्यंतचं काम आईचं आणि माझं. सूत उकलायचं, चरख्यावर धोट्यातल्या नळ्या, म्हणजे कांड्या, भरायच्या, आणि ताणा, म्हणजे लुगड्याचे उभे धागे, लावायचा असला की सकाळच्या गारव्यात तो गल्लीभर पसरून त्याला पिठाची खळ लावायची. त्या खळीचा आंबूस वास आमच्या कपड्यांना, केसांना, भाकरीलासुद्धा असायचा. लग्न होऊन दुसऱ्या गल्लीत गेलेल्या पोरी माहेरी आल्या की आधी तो वास छातीभर घ्यायच्या आणि मग नाकं मुरडायच्या. रविवारी माग बंद. त्या दिवशी आई पाट्यावर काळा मसाला वाटायची, जवसाच्या तेलात तो परतायची आणि बाबा मागच्या अंगणात दोन वेळा मागून रस्सा घ्यायचे. घाम पुसत पुसत म्हणायचे, "आज जमला." दर रविवारी जमायचा.

आधी सूत संपलं. ज्या सोसायटीकडून सूत यायचं तिथले लोक पुढच्या महिन्यात या, पुढच्या महिन्यात या असं म्हणत राहिले आणि एक दिवस तिथल्या दाराला कुलूप दिसलं. पॉवरलूमचं लुगडं बाजारात येऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हा यात नवल काही नव्हतं. आमच्या मागावर तेवढा एक ताणा चढलेला होता, लुगडं अर्धं विणून झालेलं. बाबा हात राखून विणायला लागले, जेवढं लांबवता येईल तेवढं. तशात आईला ताप आला. तापाची कावीळ झाली आणि ती गेली. याच्यावर मी जास्त लिहिणार नाही, कारण मला फारसं आठवतच नाही. आठवतं ते एवढंच, की तिला बाहेर नेताना मागाला वळसा घालून न्यावं लागलं, आणि खांदा देणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "सांभाळून बावा, ताण्याले धक्का नका लागू देऊ." त्या वेळीही ताण्याची काळजी. आणि मला ती रास्तच वाटली. मी पुढं होऊन ताण्यावर हात आडवा धरून उभी राहिले.

तेरवी झाली आणि बाबा मागाकडे फिरकले नाहीत. अंगणातल्या कडुलिंबाखाली बाज टाकून, घराकडे पाठ करून बसायचे. बोलणं बंद. मी ताट घेऊन समोर बसले तर जेवायचे, ताट ठेवून आत गेले तर ते तसंच राहायचं आणि चिमण्या खायच्या. म्हणून मी समोर बसायचे. मला त्यांची दया येत होती असंही सांगता येत नाही. समोर बसलं की ताट रिकामं होतं आणि ताट रिकामं झालं की घासता येतं, असा सरळ हिशोब होता.

मग आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून राहायची. तिच्या घरचा माग आमच्या आधी बंद पडला होता आणि नवऱ्यामागं तिनं घरातच खानावळ काढली होती. आमच्या लोकांत तेव्हा पुष्कळांनी तेच केलं. माग उपटला, बाकडी टाकली, दारावर सावजी भोजनालय असं रंगवून घेतलं. आत्याच्या रस्स्यात आणि बोलण्यात तिखट सारखंच. अंगणात येऊन ती बाबांच्या समोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काहून गा, असाच पाठ करून बसून राहशील का?"

बाबा बाजेचा सैल दोर चाचपत राहिले.

"मी एकटी किती लोकाईले वाढू? रोज माणसं परत जाऊन राहिले. तुही समोरची खोली मोकळी कर. बाकडे टाकू. मसाला मी दाखवीन तुह्या मंदीले. घर चालन तुमचं."

बाबांनी दोर ओढून गाठ मारली.

"नाई तं सांगून ठेवते. रामटेकचे ते लोक मंदीले मागून राहिले. धानाची शेती हाय, पोट्टी उपाशी नाई राहाची. तिले तिकडं देऊन टाकू अन् तू चाल माह्या घरी."

तेव्हा बाबा बोलले. तेरवीनंतर पहिल्यांदाच. "अर्धा ताणा अंगावर असला तं माग हालवत नसतात."

"मंग विणून टाक!"

आत्या म्हणाली, शेजारच्या कुणाला बसवू का, दोन-चार दिवसांत उतरवून देईल. बाबांनी नुसती मान हलवली. "दुसऱ्याचा हात नाई लागाचा."

हे बाबांचं खूळ नव्हतं. आमच्या गल्लीत तसा रिवाजच होता. घरात चढलेला ताणा घरातल्याच हातानं उतरायचा. तो अर्ध्यावर कापला किंवा परक्यानं विणला तर त्या घरात हाती घेतलेलं काही पुरं होत नाही, असं मानत. आत्यालाही ते माहीत होतं, म्हणून तिनं पुढं वाद घातला नाही. जाताना मला म्हणाली, "होळीपावतर वाट पाहीन वं मंदे. मंग मले दोष देऊ नको." मी बरं म्हटलं. मला रामटेकला जायचं नव्हतं असं नाही. मला कुठंच जायचं नव्हतं आणि कुठंच थांबायचंही नव्हतं. पण मी गेले तर बाबांच्या समोर ताट घेऊन कुणी बसणार नाही, आत्याला एवढा वेळ नाही, आणि मग बाबा फार दिवस काढणार नाहीत, हे मला दिसत होतं. त्या दिवसांत स्वच्छ दिसलेली ती एकच गोष्ट.

मी मागावर ठरवून बसले नाही. नातीला हे पटत नाही. तिला वाटतं त्या दिवशी मी काहीतरी निश्चय केला असणार. मी झाडत होते. ताण्यावर धूळ साचलेली दिसली, ती फडक्यानं टिपली. मग खड्ड्यात जाळी दिसली म्हणून खाली उतरले. उतरल्यावर वर चढायचा कंटाळा आला आणि तशीच काठावर बसले. पाय पावडीवर आपोआप आले. आमच्या घरी बायकांनी मागावर बसायची पद्धत नव्हती, त्यामुळे इतकी वर्षं पाहिलेलं काम मी कधी केलेलं नव्हतं. आईनं भरून ठेवलेल्या लाल कांड्यांची टोपली तिथंच होती. एक कांडी धोट्यात घातली, पाय दाबला, धोटा फेकला. तो वाटेत अडकून खाली पडला. पुन्हा फेकला. पुन्हा पडला. मग कधीतरी पलीकडे गेला. फणी ओढली. धप. फार दिवसांनी त्या खोलीतून आवाज निघाला आणि मला काही वाटलं नाही. दुसरा धागा टाकला, मग तिसरा.

"पाय."

अंगणातून आवाज आला. मी थांबले.

"एकच पाय दोनदा मारला. उकल."

बाबांची पाठ तशीच घराकडे होती. मागच्या खोलीतून सरळ दिसत होती. मी धागा उकलला, पाय बदलला, पुन्हा टाकला. त्यांनी काही म्हटलं नाही, म्हणजे बरोबर होतं.

असेच दिवस जायला लागले. सकाळची भाकर झाली की मी खड्ड्यात उतरायचे. बाबा बाजेवरून, मान न वळवता, नुसत्या कानानं सांगायचे. "घाई करून राहिली. कड आत ओढली जाते." "ठोका हलका पडून राहिला, भूक लागली का?" "तुटला धागा. आता जोड. गाठ नको मारू, पीळ दे." तुटल्याचं मला कळायच्या आधी त्यांना कळलेलं असायचं. गल्लीतल्या बायांना बातमी लागली तशा त्या दारातून डोकवायला लागल्या. कोणी हसलं, कोणी म्हणालं बरं करून राहिली, कोणी म्हणालं बाप जिवंत असताना पोरीनं मागावर बसणं शोभत नाही. मला हसू ऐकू यायचं आणि बोलणंही. दोन्ही सारखंच लागायचं. कमरेत कळ यायची, मांड्या भरून यायच्या, रात्री झोप मात्र लागायची.

एक दिवस आईच्या हातची शेवटची कांडी धोट्यात घातली. ती संपत आली तेव्हा, आता काहीतरी वाटेल, म्हणून मी मुद्दाम थांबून पाहिलं. काही वाटलं नाही. रिकामी नळी टोपलीत टाकली आणि बाबांना ओरडून सांगितलं, "लाल संपलं."

"घरात काय हाय?"

"निळ्या सुताच्या लडी हायत थोड्या. अन् पिवळ्या. सगळा गुंता हाय."

ज्याची कड इतवारीत बोटानं चाचपून पाहत, त्याच्या मागावर अर्धं लाल, अर्धं निळं-पिवळं लुगडं निघणार होतं. गल्लीत वर्षभर त्याचीच थट्टा झाली असती.

"गुंता उकल," बाबा म्हणाले. "निळं लाव. मंग पिवळं."

मी लडी उकलल्या, चरख्यावर कांड्या भरल्या आणि पुन्हा बसले. दुसऱ्या दिवशी पाहते तर बाबांनी बाज फिरवली होती. आता त्यांचं तोंड घराकडे होतं. दोन-चार दिवसांनी बाज तिथंच राहिली आणि बाबा मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसले. तिथून त्यांना माझे हात दिसत. बोलणं त्यामुळे वाढलं नाही, उलट कमी झालं. बोटानं दाखवायचे. तेव्हा मी त्यांना विचारलं. विचारायचं म्हणून नाही, तोंडातून निघालं.

"बाबा, हे लुगडं उतरलं की माग निघन. तुम्हाले माहीत हाय ना?"

"माहीत हाय."

"मंग काहून शिकवून राहिले?"

त्यांनी कडेवरचा लोंबता धागा बोटानं दाखवला. "निघाचाच हाय तं वाकडं विणून नको निघू दे," म्हणाले. "नीट विण."

माणूस आपल्याच हातानं आपला धंदा बंद करायला मदत करतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय असतं हे पाहावं, असं मला आज वाटतं. तेव्हा मी पाहिलं नाही. माझं लक्ष कडेवर होतं. हे लिहिताना मला त्याचं वाईट वाटतं आहे, त्या वेळचं आता वाटतं आहे. उशिरा का होईना.

लुगडं कितीही काटकसरीनं विणलं तरी शेवटी ताण्याचा एक तुकडा उरतोच. तिथं धोटा जायला जागा राहत नाही. तो कापायचा आणि कापड मागावरून सोडवायचं. कापायचा मान विणणाऱ्याचा, दुसऱ्या कुणी कात्री लावायची नाही. तो दिवस आला तेव्हा मी खड्ड्यातून वर येऊन बाबांना जागा दिली. बाबांनी कोनाड्यातली कात्री काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि माझ्यापुढं धरली.

मी घेईना. "तुम्ही कापा."

"विणलं कोणं?"

"अर्धं तुम्ही विणलं."

"शेवटचा हात कोणाचा?"

मी कात्री घेतली. खळ लावलेला ताणा कापताना करकर आवाज होतो, आणि धागे एकेक बाजूनं सैल पडत जातात. सगळं सुटलं तेव्हा माग हलका झाल्यासारखा वर उचलला गेला आणि थांबला. कोष्ट्याच्या घरात जन्मून मी त्या दिवशी कोष्टी झाले आणि कात्री खाली ठेवेपर्यंत तो धंदा आमच्या घरातून गेलेला होता. अभिमान वाटला का, असं नातीनं विचारलं. नाही वाटला. मनगटं ठणकत होती. ते तीनरंगी लुगडं कुणी विकत घेणारं नव्हतंच. आत्यानं ते खानावळीत रोज नेसून, त्यालाच हात पुसून पुसून, वर्षभरात फाडून टाकलं. तिला ते फार आवडायचं.

माग बाबांनी स्वतः सोडवला. कुणाला हात लावू दिला नाही. पाचरी ठोकून काढल्या, दोर गुंडाळले, लाकडं अंगणात नेऊन भिंतीला उभी केली. अंगणातली माती पाटीनं वाहून खड्डा भरला आणि पायानं दाबला. मी सडा घातला. दुपारी आत्या हातगाडीवर इतवारीतून सामान घेऊन आली, कांद्याचं पोतं समोरच्या खोलीत टाकलं, म्हणाली, "उद्यापासून चूल पेटवाची. मी मसाला घेऊन येते," आणि तशीच गेली. होळी अजून यायची होती.

मग खोलीत आम्ही दोघंच राहिलो. एवढी मोठी खोली आहे आपली, हे मला ठाऊकच नव्हतं. समोरच्या दारातून उजेड थेट मागच्या भिंतीपर्यंत जात होता. बाबा मधोमध उभे होते, ताज्या मातीच्या कडेला. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. त्यांनी खोलीभर पाहिलं, हातांकडे पाहिलं आणि मग विचारलं,

"आता म्या काय करू वं?"

मी मागं वळले. मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. बाबांनी आयुष्यात मला कधी काही विचारलं नव्हतं. घरात असले प्रश्न आईलाच विचारत आणि उत्तरही तीच देत असे. ती उत्तर का देत नाही, हे पाहायला मी वळले होते. दारात कोणी नव्हतं. मी आणखी थोडा वेळ पाहत राहिले. आणि तेव्हा, तेरवी होऊन इतके दिवस गेल्यावर, अख्खं लुगडं उतरवून झाल्यावर, मला कळलं की आई मेली आहे. ती आतल्या खोलीत नाही, अंगणात नाही, पाण्याला गेलेली नाही. मी भिंतीला धरून मोठ्यानं रडले. गल्लीतल्या बाया धावत दारात आल्या आणि आतलं पाहून उंबऱ्यावरच थांबल्या.

बाबा जवळ आले नाहीत. जागचे हललेही नाहीत. ते अजून वाट पाहत होते. त्यांनी मला विचारलं होतं आणि त्यांना उत्तर हवं होतं. त्या घरात ते देणारी आता मीच होते. मी पदरानं तोंड पुसलं.

"कांदे चिरा," मी म्हणाले. "बारीक. मसाल्याले लागतात."

"किती?"

"सगळे."

बाबांनी पोत्याचं तोंड सोडलं आणि खाली बसले.